हेलसिंकी ते गडचिरोली: लिनक्सच्या मिररचा इतिहास आणि एका जुन्या डिस्कची गोष्ट

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की सॉफ्टवेअरच्या इतिहासाशी आपला काय संबंध? आपण तर बॉटनीवाले, केमिस्ट्रीवाले. दोन-तीन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटायचं. मग एक प्रसंग घडला. आधी तो सांगते, मग इतिहासाकडे वळू.

२०२२ च्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांसाठी आम्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. लॅबमध्ये डेबियन लिनक्स घातलेले कॉम्प्युटर. निम्म्यांवर कॉलेजने आधीच नेटवरून नवी आवृत्ती घातली होती. उरलेल्या निम्म्यांचं काम आमच्याकडे होतं, पण दोन दिवस पावसाची झड लागून राहिली आणि नेट गेलं. तशी आम्हाला कल्पना होतीच, म्हणून आमच्या विभागातल्या लोकल मिररची अख्खी प्रत डिस्कवर घेऊन गेलो होतो. मिरर म्हणजे मूळ भांडारातल्या सगळ्या पॅकेजची जशीच्या तशी प्रत. त्या डिस्कवरून मशीन भराभर तयार व्हायला लागली. मध्येच एक संदेश आला, सुरक्षा-भांडाराच्या फाइलची मुदत संपली आहे. एका ज्युनिअरने विचारलं, “ताई, हे चेकिंग बंद करून टाकू का?” वेळ नव्हता. मी म्हणाले, “कर.”

दुसऱ्या दिवशी सरावाचं गणित दिलं: जंगलातल्या ६० प्लॉटमधून १० प्लॉट यादृच्छिक निवडा. सगळ्यांनी एकच सीड वापरायचा, म्हणजे सगळ्यांची यादी सारखी येईल. आली नाही. खिडकीकडच्या रांगेची यादी एक, दाराकडच्या रांगेची दुसरी. मुलं हसली. मी मात्र गप्प झाले, कारण माझ्या स्वतःच्या फील्डवर्कचे प्लॉट मी दोन वर्षांपूर्वी याच पद्धतीने निवडले होते आणि वहीत फक्त सीड लिहिला होता.

हे का झालं, ते समजून घ्यायला मला मिररचा पूर्ण इतिहास वाचावा लागला. तो इथे मांडते आहे.

पहिली प्रत

लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल पहिल्यांदा जाहीर लिहिलं आणि सप्टेंबरमध्ये तिची ०.०१ ही आवृत्ती फिनलंडच्या विद्यापीठ-नेटवर्कच्या, म्हणजे फुनेटच्या, एफटीपी सर्व्हरवर आली. लिनसच्या मनात ‘फ्रीअॅक्स’ असं नाव होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमकेने मात्र फोल्डरला नाव दिलं ‘लिनक्स’, आणि तेच राहिलं. या सिस्टीमचं नाव ठरलं ते एका साठवणुकीच्या जागेवरून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लवकरच अमेरिकेत एमआयटीमधल्या थिओडोर त्सो याने ‘टीएसएक्स-११’ नावाच्या मशीनवर त्याची प्रत ठेवली. अमेरिकेतल्या लोकांना दरवेळी फिनलंडपर्यंत जायची गरज उरली नाही. लिनक्सच्या मिररची सुरुवात ही अशी झाली. कोणाचा आदेश नाही, करार नाही. एका विद्यापीठाकडे डिस्कवर जागा आणि बरी लाइन होती, म्हणून त्याने इतरांसाठी प्रत ठेवली.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मरडॉकने डेबियन सुरू केलं आणि पॅकेजची कल्पना हळूहळू पक्की होत गेली. प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतंत्र गठ्ठ्यात, त्याला कोणते दुसरे गठ्ठे लागतात त्याची नोंद, आणि सगळ्या गठ्ठ्यांची एक सूची. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी आलं. सूची वाचायची, काय काय लागेल ते ठरवायचं आणि दिलेल्या मिररवरून आणायचं, हे काम आता कॉम्प्युटरच करू लागला. आर भाषेचंही असंच झालं. १९९७ मध्ये व्हिएन्नात कुर्ट हॉर्निक आणि फ्रिडरिश लाइश यांनी क्रॅन हे भांडार उभं केलं, तेच मुळी जगभर प्रती ठेवायच्या हे धरून. भारतात भुवनेश्वरच्या नायसरने त्याची प्रत ठेवली आहे.

जुहूची ६४ केबीपीएसची लाइन

आता आपल्याकडे येऊ. भारतातलं शैक्षणिक नेटवर्क म्हणजे अर्नेट. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ते सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगलोरचं आयआयएससी, दिल्लीतला खुद्द विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, या आठ संस्था होत्या. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी हे या कामातलं मोठं नाव. पुढे इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९९२ मध्ये एनसीएसटीमधून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाकडे ६४ केबीपीएसची लाइन सुरू झाली.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. वही घ्या आणि गणित करा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. १.४४ एमबीची एक फ्लॉपी भरायला तीन मिनिटं लागतील. ६५० एमबीची एक सीडी उतरवायला जवळजवळ २४ तास, आणि तेही देशातल्या बाकी सगळ्या संशोधकांनी त्या दिवशी ई-मेलसुद्धा पाठवायचं नाही अशी अट घातली तर! अशा काळात एकच सॉफ्टवेअर दहा संस्थांनी दहादा परदेशातून आणणं म्हणजे सगळ्यांची लाइन वाया घालवणं. एकदा आणायचं आणि देशात वाटायचं, हाच शहाणपणा. पुढे आयआयटी मद्रास आणि आयआयटी कानपूर यांसारख्या संस्थांनी लिनक्सचे मिरर ठेवले, त्यामागचं गणित हेच आहे.

आणि हे फक्त सॉफ्टवेअरपुरतं नव्हतं. पुण्याच्या आयुकाने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या केंद्राच्या ‘विझिएर’ या संग्रहाची प्रत आपल्याकडे ठेवली. ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या हजारो सूची त्यात आहेत. म्हणजे मिरर हा संशोधनाच्या पायाभूत सोयींचाच भाग आहे, जशी लायब्ररी असते तसा.

इथे भूगोलाची एक गंमत आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. नंतर खासगी कंपन्याही आल्या. पण बरीच वर्षं भारतातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली देवाणघेवाण परदेशातून फिरून येत असे, कारण त्या कंपन्या देशात एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. २००३ मध्ये निक्सी ही संस्था झाली ती यासाठीच, की देशातली वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी. म्हणजे मिरर मुंबईत असला तरी तो तुमच्या ‘जवळ’ असेलच असं नाही. आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भामरागडजवळची पर्लकोटा भरली की पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे जाता येत नाही. नकाशावरचं अंतर वेगळं आणि वाटेचं अंतर वेगळं.

प्रत करायची कशी

मूळ भांडार रोज बदलतं. मग प्रत ताजी कशी ठेवायची? रोज सगळंच उतरवायचं म्हटलं तर वाचवलेली लाइन पुन्हा खर्चच होणार.

याचं उत्तर एका पीएचडीत सापडतं, म्हणून ते या ब्लॉगवर यायलाच हवं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ हे साधन जाहीर केलं. ट्रिजेलचा प्रबंध १९९९ चा, कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला. त्यात सॉर्टिंगवर काम आहे आणि आरसिंकवरही. कल्पना अशी. माझ्याकडे फाइलची जुनी प्रत आहे, तुमच्याकडे नवी. मी माझ्या फाइलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा तुम्हाला पाठवते. एक हलकी, पटकन काढता येणारी. दुसरी जड, पण जास्त खात्रीची. तुम्ही तुमच्या फाइलवरून एकेक बाइट पुढे सरकत हलकी खूण काढत जाता. ती कुठे जुळली तरच जड खूण तपासता. जुळलेला भाग पाठवायचाच नाही, फक्त फरक पाठवायचा. हलकी खूण अशी रचली आहे की एक बाइट पुढे सरकलं तरी सगळं पुन्हा मोजावं लागत नाही. सगळी खुबी त्यातच आहे.

मिररच्या बाबतीत मात्र एक बारकावा आहे. पॅकेजची आवृत्ती बदलली की फाइलचं नावही बदलतं आणि आतला मजकूर आवळलेला असतो. त्यामुळे तिथे ‘फरक’ फारसा कामाला येत नाही. खरा फायदा होतो तो न बदललेल्या हजारो फाइल न उतरवता पुढे जाण्याचा. एखादी पद्धत गाजली ती ज्या कारणासाठी शोधली त्याच कारणाने, असं धरून चालू नका. प्रबंध लिहिताना हे उपयोगी पडेल.

दुसरा बारकावा क्रमाचा. समजा आधी सूची उतरली आणि पॅकेजं मागाहून येताहेत. मधल्या वेळेत कोणी मिररवर आलं तर सूचीत नाव दिसेल, पण पॅकेज सापडणार नाही. म्हणून डेबियनचे मिरर दोन टप्प्यांत भरतात. आधी नवी पॅकेजं, मग सूची, आणि जुनी पॅकेजं पुसायची ती सगळ्यात शेवटी. दुकानदार आधी माल लावतो आणि मग पाटी लिहितो, तसंच.

ज्या मिररला वायर नव्हती

हा इतिहास नेहमी सर्व्हरांचा म्हणून सांगितला जातो. आपल्या भागासाठी तो अपुरा आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. त्यातला बराच भाग जंगलाचा. केबल टाकणाऱ्याला हे गणित परवडत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं. म्हणजे इथल्या बऱ्याच आधीच्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्स आलं ते वायरीतून नाही, पाकिटातून.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक आलं. २००५ ते २०११ या काळात उबुंटूने ‘शिपइट’ योजनेत मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही केले, आणि ते डिस्कवर उतरवून नेट नसलेल्या कॉलेजात चालवता येतील अशी सोय ठेवली. माझ्या दृष्टीने हे सगळे मिररच आहेत. मूळ भांडाराची प्रत, फक्त पोचवणारा पोस्टमन किंवा एसटीचा कंडक्टर.

या रांगेतलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे ‘एपीटी-ऑफलाइन’. ते रितेश राज सराफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने लिहिलं. नेट नसलेल्या मशीनवर आधी एक यादी-फाइल तयार होते, मला काय काय हवं याची. ती पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर जायचं, विंडोज असलं तरी चालतं. तिथे सगळं उतरवायचं, परत यायचं आणि मूळ मशीनवर घालायचं. किराण्याची चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जाऊन येण्यासारखंच आहे हे.

परक्याच्या प्रतीवर विश्वास का ठेवायचा

इथपर्यंत अंतराचा प्रश्न सुटला. पण प्रत आली की दुसरा प्रश्न येतो: ही खरीच आहे कशावरून? मिरर चालवणारा कोण, हे आपल्याला माहीत नसतं. पेनड्राइव्ह तर कोणाकोणाच्या खिशातून आलेला असतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या स्वतःच्या चार सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. तपासात पॅकेजच्या भांडाराला धक्का लागलेला नसल्याचं दिसलं. पण मूळ जागाच फुटू शकते, हे सगळ्यांना कळून चुकलं. २००७ च्या डेबियन ४.० मध्ये सही तपासणारं एपीटी आलं. त्याची साखळी अशी. प्रत्येक पॅकेजचा हॅश सूचीत असतो. सूचीचा हॅश ‘रिलीज’ नावाच्या एका छोट्या फाइलीत असतो. आणि त्या फाइलीवर डेबियनची डिजिटल सही असते. तुमच्या मशीनमध्ये डेबियनची सार्वजनिक किल्ली आधीपासून असते. त्यामुळे मिरर कोणाचाही असो, एक बाइट जरी बदलला तरी पकडला जातो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. विश्वास आणणाऱ्या माणसावरून काढून मालावर ठेवला गेला. म्हणूनच भामरागडला नेलेला पेनड्राइव्ह आणि आयआयटीचा सर्व्हर सहीच्या दृष्टीने सारखेच ठरतात. माझ्या मते मिररच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, वेग नव्हे.

पण एक भोक राहिलं होतं. २००८ मध्ये अॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध मांडला. त्यांनी भाड्याने सर्व्हर घेतला, बनावट नावाने अर्ज केला आणि उबुंटू, फेडोरा, डेबियन, सेंटओएस, ओपनसुसे या सगळ्यांच्या मिरर-यादीत जागा मिळवली. मग त्यांनी दाखवून दिलं की असा मिररवाला काहीही खोटं न करता फसवू शकतो. तो फक्त जुनी प्रत देत राहील. सही खरी, हॅश खरे, सगळं अस्सल, पण सहा महिन्यांपूर्वीचं. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या चुका तुमच्या मशीनमध्ये तशाच राहतील आणि तुम्हाला वाटेल की आपण अपडेट आहोत.

मिरर म्हणजे आरसा. आरशात आत्ताचा चेहरा दिसतो. पण सॉफ्टवेअरचा मिरर हा खरं तर फोटो असतो, आणि फोटोवर तारीख नसेल तर तो केव्हाचा हे कळत नाही. म्हणून रिलीज फाइलीत मुदतीची तारीख घालण्याची पद्धत आली. ती उलटली की एपीटी फाइल नाकारतं. डेबियनच्या सुरक्षा-भांडाराला अशी मुदत असते. स्थिर आवृत्तीच्या मुख्य भांडाराला मात्र नसते.

परत त्या लॅबमध्ये

आता आमची चूक उलगडते. आमच्या विभागातला लोकल मिरर २०२० नंतर कोणी ताजा केलाच नव्हता. ज्या सीनिअरने तो उभा केला तो काम संपवून गेला. सर्व्हर चालू, पंखा फिरतोय, म्हणून सगळ्यांना वाटलं मिररही चालू आहे. त्याच्यावर डेबियन १० होतं. त्यातलं मुख्य भांडार एपीटीने काही न बोलता स्वीकारलं, कारण त्याला मुदतच नाही. सुरक्षा-भांडाराने तक्रार केली. ती एकच खूण होती की आपली प्रत जुनी आहे. तीच मी बंद करायला सांगितली.

कॉलेजच्या मशीनवर डेबियन ११ होतं. डेबियन १० मध्ये आरची आवृत्ती ३.५.२, ११ मध्ये ४.०.४. आणि या दोन्हींच्या मध्ये, २०१९ मध्ये, आर ३.६.० आलं. त्यात यादृच्छिक नमुना काढण्याची अंतर्गत पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत फार मोठ्या संख्यांमधून निवड करताना सगळ्यांना नेमकी सारखी संधी मिळत नव्हती. सुधारणा योग्यच होती. पण तिच्यामुळे तोच सीड दिला तरी नमुना वेगळा येऊ लागला. खिडकीकडची रांग आणि दाराकडची रांग दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

कोणाला वाटेल, मुदतीचा नियमच आपल्यासारख्यांवर अन्याय करतो. त्यात थोडं तथ्य आहे. काही दिवसांची मुदत ठरवणारा माणूस धरून चालतो की प्रत्येकाचं नेट रोज चालू असतं. आज डेबियनचा नेहमीचा पत्ता तुम्हाला आपोआप जवळच्या सर्व्हरकडे पाठवतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये डेबियनने आपली सार्वजनिक एफटीपी सेवाही बंद केली. शहरातल्या माणसाला मिरर निवडायचा असतो हेच आता माहीत नसतं. पण जवळचा सर्व्हर कितीही जवळ आला तरी शेवटची वाट तुटली की तो हेलसिंकीइतकाच दूर. अशा ठिकाणी डिस्क आणि पेनड्राइव्ह राहणारच आहेत. म्हणून तपासणी बंद करणं हा उपाय नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सूची ताज्या करून घेणं, हा उपाय आहे. तो आम्हाला चंद्रपुरातच करता आला असता. एका संध्याकाळचं काम होतं.

जुनी प्रत पुरावाही असते

माझ्या प्लॉटचं काय झालं? घरी येऊन मी माझ्या लॅपटॉपवर, नव्या आरमध्ये, वहीतला सीड टाकला. यादी जुळली नाही. ज्या प्लॉटवर दोन हंगाम चालत गेले, गवत मोजलं, जळवा काढल्या, ते प्लॉट मी यादृच्छिकच निवडले होते हे माझ्याकडून सिद्ध होत नव्हतं. उद्या परीक्षकांनी विचारलं असतं, “मॅडम, सोयीचे प्लॉट तर नाही ना घेतले?”, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ती डिस्क आठवली. तिच्यावरून एका रिकाम्या मशीनवर डेबियन १० घातलं, आर ३.५.२ घातलं, सीड दिला. दहाच्या दहा प्लॉट जुळले. ज्या जुन्या प्रतीने कार्यशाळेत गोंधळ घातला, तिनेच माझं काम वाचवलं. नव्या आरमध्ये जुनी पद्धत मागून घेण्याची सोय आहे, हे मला नंतर कळलं. पण ती मागायला आपण आधी कोणती वापरली होती हे माहीत हवं ना!

डेबियनवाल्यांनी हा प्रश्न आधीच ओळखला होता. २०१० पासून ‘स्नॅपशॉट’ नावाची त्यांची सेवा आहे. २००५ पासूनच्या भांडाराच्या तारखेनिशी प्रती तिथे मिळतात. अमुक दिवशी भांडार जसं होतं तसंच्या तसं मागता येतं. आणि त्यातली मुदत उलटलेली भांडारं वापरताना तुम्हाला तीच मुदतीची तपासणी बंद करावी लागते, जी मी लॅबमध्ये बंद करायला सांगितली होती. कृती अगदी तीच. फरक इतकाच की इथे जुनी प्रत आपण ठरवून, तारीख लिहून घेतो. तिथे ती आम्हाला नकळत मिळाली होती.

म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून ठेवा:

१. ऑपरेटिंग सिस्टीम आणि भाषेची नेमकी आवृत्ती.
२. वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती. आरमध्ये ‘सेशनइन्फो’ ही एक आज्ञा दिली की हे सगळं छापून मिळतं.
३. पॅकेजं कोणत्या मिररवरून घेतली आणि त्या मिररची प्रत कोणत्या तारखेची होती.
४. एखादी तपासणी बंद केली असेल तर कोणी, कधी आणि का.

चौथी ओळ लिहायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. तरी लिहा. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात ती आहे.

आणि तुमच्या विभागात कोपऱ्यात एखादा सर्व्हर घुंघुं करत असेल आणि सगळे म्हणत असतील की “आपला लोकल मिरर आहे ना”, तर आज जाऊन रिलीज फाइलीतली तारीख बघून या. दोन मिनिटं लागतात. काय सापडलं ते मला जरूर कळवा.